जवारीची गिटार

मुलीच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून गेल्या महिन्यात मिरजेला गेलो होतो. वाद्यं करणाऱ्यांची गल्ली अजून तिथंच आहे. पाट्या बदलल्यात, काही दुकानांना काचा आल्यात. वास तोच आहे. तासलेल्या लाकडाचा, माळ्यावर वाळत टांगलेल्या भोपळ्यांचा, आणि चपड्याच्या पॉलिशचा, जो आधी नाकाला आणि मग घशाला लागतो.

दुकानातल्या तरुणाने तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तार बाजूला सारली आणि घोडीवर कानस फिरवायला घेतली. दोन हात फिरवायचे, तार जागेवर ठेवायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा सारायची. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तार तिच्या उतारावर टेकून थरथरते आणि त्या थरथरीतून तो लांबत जाणारा झिणझिणता आवाज निघतो. त्यालाच जवारी म्हणतात. उतार केसभर चुकला तरी तार मुकी होते.

बराच वेळ ती मुकीच होती. मग एका छेडीला एकदम उघडली. आवाज दुकानभर पसरला आणि मला उठून बाहेर येऊन उभं राहावं लागलं. मुलीला वाटलं, मला पॉलिशचा वास सोसला नसेल. मी तसंच समजू दिलं. मला आठवली होती ती गिटार, आणि ती कशी झाली ते रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

माझा थोरला भाऊ तोफखान्यात होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. कानांमुळे त्याला फौजेतून घरी पाठवलं तेव्हा मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि सुट्टीत रहिमतपूरला आलो होतो. आमचे वडील, आबा, आधीच गेले होते. घरात आई एकटी असायची. दादाला आणायला मी सायकल घेऊन स्टेशनवर गेलो. काळी ट्रंक कॅरिअरवर बांधायला लागलो तसा तो म्हणाला, "आडवी नगं बांधू. उभी धर. आत रेकॉर्ड हाय."

त्या सगळ्या सामानात ती एकच रेकॉर्ड होती. रेजिमेंटच्या बँडमध्ये आग्नेल नावाचा त्याचा एक गोव्याचा दोस्त होता. आग्नेलचा चुलतभाऊ बोटीवर नोकरीला, त्याने ती कुठल्याशा बंदरातून आणलेली. निरोपाच्या दिवशी आग्नेलने ती दादाच्या हातात दिली. वाजवणाऱ्याचं नाव मी इथं देत नाही. त्या नावाचा उच्चार आम्ही आमच्या मनानेच ठरवला होता आणि तो बरोबर असण्याची शक्यता कमी आहे.

कव्हरवर पिवळ्या भिंतीपुढे स्टुलावर बसलेला एक माणूस होता. मान खाली, मांडीवर गिटार. मागे जमिनीवर दोन उंच ढोल. कव्हरमध्ये नाक घातलं की नव्या छत्रीसारखा वास यायचा.

दादाने फौजेच्या कँटीनमधून सूटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. तो ओसरीवरच्या फळीवर ठेवला. सुई टेकली की आधी खरखर, मग गिटार एकटीच चालायला लागायची. थोड्या वेळाने ते उंच ढोल हाताने वाजू लागायचे, मागून वाळल्या शेंगा हलवाव्यात तशी एक सळसळ यायची, आणि विजेवर वाजणारा एक पियानो मधूनमधून पाण्यात खडा टाकल्यासारखा बोलायचा. ते संगीत अमेरिकेतलं होतं असं कव्हर म्हणत होतं, पण त्याच्यात आणखी दक्षिणेकडच्या देशांचं ऊन होतं. आमच्या ओसरीवरच्या उन्हाशी ते जमून जायचं.

आई सुपात ज्वारी घेऊन समोर बसायची. पहिल्या दिवशी अख्खी बाजू संपेपर्यंत ती ज्वारी पाखडत राहिली.

"कवा म्हणाया लागणार ह्यो?" तिने विचारलं.

"कोण?"

"ह्यो बाबा. मघाधरनं नुसत्या तारा छेडतोय."

"आई, ह्यात गाणं नसतंय," मी म्हटलं.

"मग एवढी माणसं गोळा कशाला केली?"

दादा मोठ्याने हसला. लहानपणापासून तो गावच्या भजनात मृदंग वाजवायचा, त्यामुळे त्याचं लक्ष ढोलांकडे. "ही आपल्या हलगीचीच भन," तो म्हणायचा, "पर हिला लाज हाय."

त्या रेकॉर्डमध्ये सम आम्हाला सापडायची नाही, हे मला पक्कं आठवतं. भजनात ठेका फिरून समेवर आला की मान आपोआप खाली जाते. इथे मान खाली जायच्या आतच गिटार तिथे येऊन उभी असायची. जरा आधी, दाराला हात लागण्यापूर्वी कोणी दार उघडावं तशी. आई म्हणायची, "ह्येला दम न्हाई." दादाला तीच जागा सगळ्यात जास्त आवडायची. तो सुई उचलून पुन्हा तिथंच ठेवायचा.

दुसऱ्या बाजूचं पहिलं वादन संथ होतं. आमच्या घरात 'ती' म्हटलं की त्यातली गिटारच समजायची.

ते दिवस मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. गुऱ्हाळं चालू असली की काहिलीतल्या रसाचा गोड धुरकट वास संध्याकाळपर्यंत अंगावर राहायचा आणि त्या वासात ती गिटार. उन्हाळ्यात शेणाने सारवलेल्या अंगणात वाळवणं, वाळवणावर आईची काठी, आणि ती गिटार. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की वीज मंद व्हायची, रेकॉर्डचा वेग उतरायचा आणि सगळं वादन हळूहळू खाली बसत जायचं, बैलाने बसकण मारावी तसं. दादा डोळे न उघडता म्हणायचा, "पाणी सोडलं बघ कुणीतरी."

दादाचे कान पुरते जात होते हे आम्हाला कळलं ते तुकड्या-तुकड्याने. आधी चिमण्या गेल्या. मग आईच्या बांगड्या. मग दारात येणाऱ्या सायकलची घंटी. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि मला शेजारी बसवून समजावलं. नस सुकत चालली आहे. आधी बारीक, उंच आवाज जातील, जाड आवाज त्यानंतर. शेवटी काही उरणार नाही. किती दिवसांत, असं मी विचारलं. ते म्हणाले, आकडा सांगता येणार नाही. आकड्यांवर भिस्त असलेल्या माझ्यासारख्याला ते उत्तर फार जड गेलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये दादा खिडकीशी बसला होता. ताकारी मागे पडल्यावर म्हणाला, "बाळ्या, ती हाताला द्याची."

"काय?"

"ती. गिटार. कान जायाच्या आदी हाताला देऊन ठिवायची. मृदंगाचं बघ, मी झोपलो तरी हात वाजवतोय. एकदा हातात बसलं की कानाचं काम न्हाई."

त्याच्या डोक्यात हे किती दिवस होतं, मला माहीत नाही. त्याच्याकडे गिटार नव्हती आणि गिटार त्याने कधी धरलीही नव्हती. पुण्या-मुंबईत ती मिळाली असती, पण तिथं आमचं कोणी नव्हतं. मिरजेत हुसेनचाचा होते. आमच्या भजनी मंडळाची वीणा त्यांच्याच हातची.

चाचांनी तोपर्यंत गिटार केलेली नव्हती. कव्हर हातात घेऊन त्यांनी ते उजेडात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"ही सितारीची मावशी दिसते," ते म्हणाले. "पेट मोठं, गळा आखूड. करू की. माप?"

माप मी काढलं. फोटोतल्या माणसाचा डावा पंजा आणि दादाचा पंजा सारखेच आहेत असं धरलं, पट्टीने दोन्ही मोजले आणि त्या प्रमाणात गिटारीचं प्रत्येक अंग वाढवलं. गळ्यावरच्या पडद्यांची अंतरं कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात मिळाली. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडत सोडत जायचं असा तो नियम होता. सगळं कागदावर काढून मी चाचांना दिलं. ते हिशेब बरोबर होते. आजही पुन्हा केले तरी तेच येतील.

फोटोतल्या माणसाचा उजवा हात मात्र घोडीवर होता. घोडी त्याच्या तळव्याखाली झाकलेली होती. माझ्या कागदावर तिथे काहीच नव्हतं, आणि चाचांनीही विचारलं नाही. घोडी कशी असते हे मिरजेत कोणी कोणाला विचारत नाही.

दिवाळीच्या आसपास दादा आणि मी गिटार आणायला गेलो. ती खुंटीला टांगलेली होती. मधाच्या रंगाचं पॉलिश, कडेला हाडाची बारीक नक्षी, फोटोत नसलेली. चाचांनी ती उतरवली, फडक्याने पुसली आणि जाड तार छेडली.

आवाज गेला आणि जातच राहिला. तारेमागून एक झिणझिणाट उठला, पसरला, दुकानातल्या बाकीच्या तंबोऱ्यांच्या तारा त्याला हलक्याने ओ देऊ लागल्या. गिटार बोलून थांबते. ही थांबत नव्हती. मी वाकून बघितलं. चाचांनी हरणाच्या शिंगाची चांगली रुंद घोडी बसवली होती आणि तिला जवारी काढली होती.

"चाचा, ही तंबोऱ्यागत वाजतीय."

"मग? खोक्यागत वाजायला पाहिजे होती?" ते खुशीत होते. "अरे, जवारीवर जीव ओतलाय मी."

"पर त्या गिटारीला जवारी नसती. तिथं नुसती बारीक पट्टी असती."

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी कव्हर पुन्हा बघितलं, त्या माणसाच्या तळव्यावर बोट ठेवलं. "हा हात उचलला असता तर!" मग म्हणाले, "काही नाही, घोडी बदलून देतो. आठ दिवसांनी या."

तेवढ्यात दादाने गिटार मांडीवर घेतली होती. त्याने कान तिच्या पोटाला लावला, डोळे मिटले आणि अंगठ्याने तीच जाड तार छेडली. मग दुसरी. मग तिसरी.

"ह्योच," तो म्हणाला. "बाळ्या, ह्योच आवाज. जसाच्या तसा."

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. जवारीचा झिणझिणाट हा बारीक आवाज. तो दादाला ऐकू येतच नव्हता. त्याच्या कानापर्यंत पोचत होता तो मागचा जाड, गोल सूर. आणि तो सूर खरोखरच गिटारीचा होता. आम्हाला चुकलेली ऐकू येणारी ती गिटार जगात फक्त त्याला बरोबर ऐकू येत होती.

चाचा माझ्याकडे बघत होते. मी कानाकडे बोट नेऊन खूण केली. म्हाताऱ्याने एकदा दादाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि हातातली कानस खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घेऊन जा."

घरी आईला मी आधीच बजावलं, जवारीचं दादाला सांगू नको म्हणून. तिने ऐकलं आणि म्हणाली, "वाईट काय हाय त्यात? लय गोड वाजतंय. ती रेकॉर्डच मला कोरडी वाटायची."

पुढची दीड-दोन वर्षं दादाने 'ती' हाताला दिली. रेकॉर्ड लावायची, एक ओळ ऐकायची, थांबवायची, बोटं शोधायची. बोटांची टोकं फुटली, मग घट्ट झाली. रेकॉर्डचा आवाज वाढत गेला, मग तो प्लेअरला कान लावून बसू लागला, मग कपाळ. शेतातून आला की हातपाय धुऊन ओसरीवर. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. एका लांबच्या मुलखातलं वादन, आणि त्याच्यामागे देवळातल्यासारखी ती झिणझिण.

आग्नेलचं यायचं ठरलं तेव्हा मला धास्ती वाटली. दादा म्हणत होता, "आग्नेल खोटं बोलायचा न्हाई. त्यो सांगल ते खरं." दादाला एकच जाणून घ्यायचं होतं. हातात जे बसलंय ते बरोबर आहे ना? कारण आता फार थोडं ऐकू येत होतं, आणि चुकीचं बसलं असेल तर ते पुढे कधीच दुरुस्त होणार नव्हतं.

आग्नेल उंच, सावळा, मऊ बोलणारा माणूस. आईच्या पाया पडला, जेवला, पुरणपोळीवर दोनदा तूप मागून घेतलं. दुपारी ओसरीवर दादा वाजवायला बसला. पहिल्या तारेलाच आग्नेलने झटकन माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली, नको म्हणून.

वादन संपलं. आग्नेल सरकून दादाच्या डाव्या कानाशी गेला. फौजेतल्या हिंदीत, एकेक शब्द तोडून म्हणाला, "हात अच्छा है. एक जगह छोड के."

"कुठं?"

आग्नेलने दादाच्या गुडघ्यावर ठेका धरला आणि ती जागा दाखवली. दादा समेवर येत होता. भजनाची सवय, पोचायचं तिथे नेमका पोचत होता. "पहले आओ," आग्नेल म्हणाला. "थोडा पहले." त्याने दहा-बारा वेळा गुडघ्यावर थाप मारून ती जागा दादाच्या मांडीत बसवली. शेवटी दादाची बोटं समेच्या अलीकडे येऊन उभी राहिली, तशी आईनेसुद्धा मान डोलावली.

"आता?"

"अब सही."

"आणि आवाज?" दादाने विचारलं.

मी पुन्हा खूण केली. आग्नेलने माझ्याकडे बघितलंच नाही.

"आवाज रेकॉर्ड जैसा नहीं," तो म्हणाला. "तेरे गिटार में और एक आवाज है. तुझे सुनाई नहीं देता."

दादाने गिटार मांडीवरून काढली नाही. तो माझ्याकडे वळला. "व्हय रं?"

मी होय म्हणालो.

"पहिल्यापासनं?"

"व्हय."

बराच वेळ तो घोडीवरून अंगठा फिरवत बसला. आग्नेलच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, पण घाम होता.

"कसा हाय आवाज?" दादाने शेवटी विचारलं. आग्नेलने हात वर करून बोटं हलवली, पानं हलतात तशी. आई म्हणाली, "भजन संपल्यावर वीणेचा उरतो न्हाई का, तसा." तिने ते तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

"वंगाळ हाय का?"

"नहीं," आग्नेल म्हणाला. "मैंने ऐसा कभी सुना नहीं था."

"मग असू दे," दादा म्हणाला. "त्यो तुमी ऐका. मी वाजवतो."

घोडी बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज यातलं कोणी नाही. आग्नेलची पत्रं एका वर्षी थांबली. हुसेनचाचा गेले, आई गेली, दादाही गेला. रेकॉर्ड उन्हाने वाकली आहे आणि ती वाजवायला घरात यंत्र नाही. तंबोरा घेऊन मुलगी पुढे चालत होती आणि मिरजेच्या गल्लीत मला आठवत होती ती रहिमतपूरची एकच दुपार.

तेव्हा दादाला काहीच ऐकू येत नव्हतं. मला लांब नोकरी लागली होती. घरी आलो की तारा सुरात लावून द्यायचं काम माझं; दादाला ते करता येत नव्हतं आणि आईला खुंट्यांना हात लावायची भीती वाटायची. त्या पावसाळ्यात मला रजाच मिळाली नाही. आलो तो भाद्रपद संपता संपता. ओसरीवर पाऊल टाकलं तेव्हा दादा वाजवत होता आणि आई समोर बसलेली होती.

दमट हवेने लाकूड फुगलं होतं, तारांचे सूर सरकले होते. एक तार एकीकडे, दुसरी भलतीकडे. ते ऐकवत नव्हतं. आणि दादाचा हात अगदी बरोबर होता. प्रत्येक बोट जागच्या जागी, ती जागासुद्धा समेच्या अलीकडे, आग्नेलने बसवली तिथेच. आई हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. रोज अशीच बसत असणार. वादन संपल्यावर दादाने तिच्याकडे बघितलं, आणि त्याला लांबून दिसेल अशी तिने मोठी मान डोलावली.

मला बघून तो उठला, पाणी आणायला आत गेला. मी गिटार घेतली आणि तारा लावल्या. तो आल्यावर खुणेने म्हटलं, मी आता आलोय, मला ऐकव.

तो पुन्हा बसला आणि पहिल्यापासून वाजवली. त्याच्या लेखी दोन्ही वेळा सारख्याच. त्याच्या बोटांखालून ती उघडली, मागून जवारी उठली आणि ओसरीभर पसरली. आईने पदर तोंडाला लावला. इतके आठवडे ते बेसूर वाजणं ती कोरड्या डोळ्यांनी ऐकत आली होती. आता तिला आवरेना.

दादाने तिचा चेहरा बघितला आणि बोटं थांबवली.

"चुकलं व्हय?" त्याने विचारलं. आवाज फार मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. "आई, कुठं चुकलं?"

ती बोलली असती तरी त्याला ऐकू आलं नसतं. तिने जोरजोराने मान हलवली, डोळे पुसले, आणि हवेत बोट गोल फिरवून त्याला खूण केली, पुन्हा म्हणून.